फेस टिकतो थंडीत!

काशीच्या गल्लीतला मलइयो आणि केकवरचं रेशमी बटरक्रीम. एक दुधाचा, दुसरं अंड्याच्या पांढऱ्याचं. नाती दूरची वाटली, तरी दोघांची नाडी एकच: तापमान. ती सापडली तर दोन्ही पदार्थ घरी जमतात.

कुल्हड हातात येतं तेव्हा आधी फसगत झाल्यासारखी वाटते. काठोकाठ भरलेलं दिसतं, पण वजनच नाही! पिवळसर फेसाचा ढीग चमच्यानं उचलायचा, तोंडात घालायचा आणि चावायला जावं, तर चावायला काही उरलेलंच नसतं. मागे राहतो तो केशर-वेलचीचा वास, बेताची गोडी आणि दुधाचा गारवा. वर पेरलेले पिस्त्याचे काप तेवढे दाताखाली येतात, म्हणून आपण काहीतरी खाल्लं याची खात्री पटते. हा काशीचा मलइयो.

तो बारमाही नाही. दिवाळी उलटून थंडी पडू लागली की चौखंबा, ठठेरी बाजार, गोपाल मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांमधून त्याची घमेली आणि परातींमधले ढीग दिसू लागतात. महाशिवरात्रीच्या सुमारास उन्हं तापू लागली की तो बाजारातून जातो. त्यातही सकाळचीच वेळ. दुपार कलली की ढीग बसतो, दूध सुटतं. फेस खाऊन संपला की त्याच कुल्हडात विक्रेता केशरी दूध ओततो, ते प्यायचं आणि मग कुल्हड टाकायचं. ही रीत ज्याला ठाऊक नाही तो नवखा, हे गल्लीत लगेच ओळखू येतं.

मराठी माणसाला या गल्ल्या परक्या नाहीत. काशी विश्वेश्वराचं आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधवलं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा घाट या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत, हे तितकंसं माहीत नसतं. हिंदी पत्रकारितेत ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं ते ‘आज’चे संपादक बाबुराव विष्णु पराडकर याच शहरात, १८८३ मध्ये मराठी घरात जन्मले. घाटावरच्या या वस्तीतून मलइयोच्या गल्ल्या चालत जाण्याच्या अंतरावर. घरात पुरणपोळी आणि नाक्यावर मलइयो, असा हा शेजार!

ओस की थंडी?

मलइयो करणारी मंडळी बहुतेक दुधाच्या धंद्यातलीच. संध्याकाळी मोठ्या कढईत दूध उकळून घ्यायचं, निवू द्यायचं आणि रात्री उघड्या आकाशाखाली, गच्चीवर किंवा अंगणात ठेवून द्यायचं. रात्रभर त्यावर ओस, म्हणजे दव पडतं. पहाटे उजाडण्याआधी त्यात रवी घालायची आणि घुसळत राहायचं. फेस वर येईल तसा तो अलगद काढून दुसऱ्या भांड्यात रचत जायचं. साखर, केशर, वेलची यांचं प्रमाण ज्याच्या त्याच्या हाताचं.

बनारसी माणूस तुम्हाला शपथेवर सांगेल, की ही सगळी जादू ओसाची आहे. ओस पडली नाही तर मलइयो नाही! यातलं अर्धं खरं आहे. दव म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी, दुसरं काही नाही. त्याचे चार थेंब दुधात पडल्यानं फेसाला बळ यायचं कारण नाही. मात्र दव पडतं तेव्हा रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असतो, आणि खरी मेख तिथे आहे. अशा रात्री उघड्यावर ठेवलेली वस्तू आपली उष्णता आकाशात फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त गार होते. वाराणसीत जानेवारीतलं रात्रीचं तापमान सरासरी नऊ-दहा अंशांपर्यंत उतरतं. उघड्या कढईतलं दूध त्याच्याही खाली जाऊ शकतं. ओस ही त्या गारव्याची खूण. कारण मात्र गारवा.

हे ज्ञान गंगाकाठी जुनं आहे. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्यानं १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय होता, हिंदुस्थानात बर्फ कसा करतात! शेजारच्या अलाहाबादला (आताचं प्रयागराज) त्यानं पाहिलेली रीत अशी: जमिनीत दोन फूट खोल खड्डे घ्यायचे, तळाशी उसाची चिपाडं किंवा मक्याची वाळकी ताटं पसरायची, त्यावर मातीच्या उथळ, बिनझिलईच्या परळांमध्ये उकळून निववलेलं पाणी भरून रात्रभर ठेवायचं. हवा गोठणबिंदूला पोहोचत नसली तरी सूर्योदयापूर्वी परळांत बर्फ तयार! उकळून निववलेलं, उथळ भांडं, उघडं आकाश, पहाटेची घाई... पाण्याच्या जागी दूध घातलं तर वर्णन मलइयोच्याच जवळ जातं.

हा पदार्थ एकट्या काशीचाही नाही. लखनौला तो निमिष किंवा मक्खन मलाई, कानपूरला मलाई मक्खन आणि जुन्या दिल्लीत ‘दौलत की चाट’. नावं चार, पण ऋतू एकच. उन्हाळ्यात तो कुठेच मिळत नाही.

बुडबुड्याची भिंत

फेस म्हणजे द्रवात अडकवलेली हवा. हवा अडकवणं सोपं, बाटलीत साबणाचं पाणी हलवलं तरी अडकते. टिकवणं कठीण. बुडबुड्याच्या भिंतीतलं पाणी खाली झिरपतं, भिंत पातळ होते आणि फुटते. गार दुधात स्निग्धांशाचे कण अर्धवट घट्ट झालेले असतात. रवीच्या माऱ्यानं ते एकमेकांना चिकटतात आणि बुडबुड्याभोवती विटा रचाव्यात तसे उभे राहतात. दूध कोमट झालं की हेच कण वितळतात. वितळलेलं तूप बुडबुड्याला सावरत नाही, उलट त्याला फोडतं.

अंड्याच्या पांढऱ्या बलकात स्निग्धांश जवळजवळ नसतोच. तिथे भिंत बांधतात प्रथिनं. फेटल्यानं त्यांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांत गुंततात. साखर विरघळून त्या पाण्याचा दाट पाक होतो, त्यामुळे झिरपणं मंदावतं. असा साखर घालून फेटलेला, चकचकीत, उभा राहणारा फेस म्हणजे मेरिंग. त्यात लोणी मिसळलं की होतं मेरिंग बटरक्रीम. ज्यांना केकवरचं आयसिंग म्हटलं की दाताखाली करकरणारी साखर आणि गुलाबी फुलं आठवतात, त्यांनी हे एकदा करून पाहावंच. करकर नाही, चिकट गोडी नाही. मलइयोसारखंच जिभेवर विरतं, फक्त जरा सावकाश.

दुकानातल्या क्रीमचं काय?

वाढदिवसाच्या केकवर ‘फ्रेश क्रीम’ म्हणून जे पांढरंशुभ्र लेपन येतं, ते पुष्कळदा दुधाचं नसतंच. वनस्पती तेल घट्ट करून, पाणी, साखर आणि स्थिर ठेवणारी द्रव्यं घालून तयार केलेलं ते ‘नॉन-डेअरी’ क्रीम असतं. मे महिन्यातही ते ताठ उभं राहतं ते याचमुळे. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसतो, तो अनुभव बहुतेकांनी घेतला असेल. सरकारनं १ जानेवारी २०२२ पासून तेल आणि वनस्पतीमधल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली, ही चांगली गोष्ट झाली. पण मर्यादा घातली म्हणून तेलाचं दूध होत नाही. बेकरीवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. आपणच त्याच्याकडे स्वस्त, पांढराशुभ्र आणि चार तास न वितळणारा केक मागतो.

घरचं बटरक्रीम अमृत आहे असं मात्र कुणी समजू नये. त्यात लोणी भरपूर आहे, साखर आहे. फरक एवढाच, की आपण काय खातोय ते आपल्याला ठाऊक असतं. वर्षातून चार वाढदिवसांपुरतं ठीक.

एक, दोन, तीन

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. वजनानं एक भाग पांढरा बलक, दोन भाग साखर, तीन भाग लोणी. आठ इंची केकसाठी तीन अंड्यांचा पांढरा बलक, म्हणजे साधारण ९० ग्रॅम, १८० ग्रॅम बारीक साखर आणि २७० ग्रॅम बिनमिठाचं बटर. चिमूटभर मीठ आणि व्हॅनिला. वजनकाटा नसेल तर शेजारून आणा, पण इथे वाटीचा अंदाज चालवू नका.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्यावं. प्लॅस्टिकला चिकटलेला तुपाचा अंश घासूनही जात नाही. भांडं लिंबाच्या फोडीनं पुसून कोरडं करा. पिवळ्या बलकाचा ठिपकाही पांढऱ्यात पडू देऊ नका. तेवढ्या स्निग्धांशानंही फेस चढायला तयार होत नाही.

पातेल्यात दोन इंच पाणी मंद उकळत ठेवा. त्यावर हे भांडं असं बसवा, की बूड पाण्याला टेकणार नाही, फक्त वाफ लागेल. बलक आणि साखर त्यात सतत ढवळत राहा. मिश्रण ७१ अंशांपर्यंत तापलं पाहिजे, म्हणजे कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेलाची भीती राहत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर आता सहज मिळतो, तो घ्या. साखर विरघळली का, हे दोन बोटांत चोळून कळतं. कण लागला तर आणखी ढवळा.

आता खाली उतरवून इलेक्ट्रिक बीटरनं फेटायला लागा. दहा ते पंधरा मिनिटं. फेस पांढरा, चकचकीत आणि दाट होईल, बीटर उचलला की टोक उभं राहील. पण टोक उभं राहिलं म्हणजे काम झालं, असं नाही. भांड्याच्या बुडाला तळहात लावून पाहा. कोमट लागलं तर थांबा. नव्वद टक्के घोटाळे या घाईतून होतात. कोमट फेसात लोणी पडलं की ते वितळतं आणि भांड्यात पिवळं सूप उरतं.

भांडं पूर्ण निवल्यावर बटरचे लहान तुकडे एकेक करून घालत फेटायचं. बटर बोटानं दाबलं तर खड्डा पडावा, पण बोट तुपकट होऊ नये, असं असावं. वीस अंशांच्या आसपास. फेस खाली बसेल. बसू द्या! आता फेस उंच राखणं हा हेतूच नाही. तयार होतंय ते एक वेगळंच मिश्रण: लोण्यात दाट पाकाचे अतिसूक्ष्म थेंब आणि थोडी हवा, एकमेकांना धरून बसलेले.

निम्मं लोणी पडलं की एक क्षण असा येतो, की मिश्रण फुटल्यासारखं दिसतं. गुठळ्या होतात, कडेनं पाणी सुटतं. अनेक जणी इथेच हात टेकतात आणि सगळं ओतून देतात. ओतू नका. लोणी थोडं गार पडलंय, एवढंच झालंय. फेटत राहिलं तर बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत ते आपोआप एकजीव होतं. नाही झालं तर त्यातलं पाव वाटी मिश्रण वाटीत काढून गरम पाण्यावर वितळवा आणि फेटता फेटता परत त्यात ओता. याउलट ते पातळ आणि ओघळणारं झालं असेल तर भांडंच पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मग फेटा. फुटलं तर ऊब, पातळ झालं तर गारवा. इतकं लक्षात राहिलं तर कृती विसरलात तरी चालेल.

शेवटी बीटर बाजूला ठेवून लाकडी उलथन्यानं दोन मिनिटं हळूहळू घोटा. मोठे बुडबुडे निघून जातात आणि पृष्ठभाग रेशमासारखा होतो.

पाक करण्यात ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी दुसरी, इटालियन रीत वापरावी. त्यात साखरेचा पाक ११५ ते ११८ अंशांपर्यंत नेऊन तो फेटलेल्या बलकात बारीक धारेनं ओततात. हा आकडा वाचून दचकू नका. पाण्याच्या वाटीत थेंब टाकला की मऊ गोळी होते, तो आपला गोळीबंद पाकच! लाडवांचा पाक डोळे झाकून करणाऱ्या आजीला थर्मामीटर लागणार नाही.

घरच्या लोण्याचं काय, असा प्रश्न येणारच. विरजणाच्या सायीचं लोणी आंबूस असतं आणि त्यात ताकाचं पाणी बरंच राहतं. ते इथे जमत नाही. ताज्या, न विरजलेल्या सायीचं गोड लोणी काढून, तीनदा गार पाण्यात धुऊन, फडक्यात दाबून पाणी काढलंत तर चालेल. पण पहिल्या खेपेला विकतचं बिनमिठाचं बटर आणावं, हे बरं.

आणि व्हॅनिलाऐवजी? चमचाभर कोमट दुधात केशराच्या दहा-पंधरा काड्या भिजवून त्या दुधासकट घाला, वर ताजी कुटलेली वेलची. रंग मलइयोचा येतो. साध्या स्पंज केकवर हे लावून पिस्त्याचे काप पेरले, तर पाहुणे नाव विचारतात.

अंडं चालत नसेल तर

काशीत काय किंवा आपल्याकडे काय, अंडं घरात येऊ न देणारी घरं पुष्कळ आहेत. नातवाच्या वाढदिवसाला केक कापला जातो आणि आजी एका कोपऱ्यात नुसती टाळ्या वाजवते, हे चित्र काही बरं नाही. त्यावरचा तोडगा आपण रोज मोरीत ओतत आलोय. काबुली चण्याचं शिजवलेलं पाणी! फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की कडधान्य शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखंच फेटलं जातं. पुढच्या वर्षी त्याला ‘अ‍ॅक्वाफाबा’ हे नाव पडलं.

चणे बिनमिठाचे, सोडा न घालता शिजवा. पाणी गाळून मंद आचेवर आटवा, बलकाइतकं बुळबुळीत होईपर्यंत. मग फ्रीजमध्ये गार करा. दोन मोठे चमचे म्हणजे एका अंड्याचा पांढरा बलक, असा हिशेब. लिंबाचे चार थेंब घालून फेटा आणि गोळीबंद पाक ओतून वरच्याप्रमाणेच पुढे जा. खरं सांगायचं तर हा फेस अंड्याइतका भक्कम नसतो, लोणी घालताना जास्त बसतो. म्हणून लोणी थोडं अधिक गार घ्या आणि थंडीच्या दिवसांतच करा. चण्याचा वास केशर-वेलचीत लपतो, व्हॅनिलात तितकासा नाही.

मलइयो घरी

आता मलइयोकडे. मुंबई आणि कोकणच्या वाचकांनी गच्चीचा नाद सोडावा, तिथे तेवढी थंडी पडत नाही. नाशिक-निफाड, नागपूर, गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीत प्रयोग करता येईल, पण आमचं मत विचाराल तर तिथेही फ्रीजच बरा. धूळ नाही, मांजर नाही, आणि दूध रात्रभर हवं तेवढं गार राहतं.

गवळ्याकडचं सायीचं दूध मिळालं तर उत्तम. पिशवीच्या होमोजिनाइज्ड दुधात स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात, की ते एकमेकांना नीट धरत नाहीत. एक लिटर दूध उकळून निववा, गाळून घ्या, म्हणजे सायीचे तुकडे फेसात येणार नाहीत. त्यात २०० मिलिलिटर क्रीम आणि भिजवलेलं केशर मिसळून झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी मोठ्या परातीत बर्फाचे खडे पसरून त्यावर दुधाचं भांडं बसवा आणि फेटा. फेस वर आला की झाऱ्यानं काढून चाळणीवर ठेवा, खाली दूध निथळू द्या, ते परत भांड्यात. पुन्हा फेटा, पुन्हा काढा. एका लिटरमधून पाच-सहा कुल्हडांपेक्षा जास्तीची आशा धरू नका. पिठीसाखर आणि वेलची फेसावर भुरभुरावी आणि लगेच वाढावं. ठेवण्याचा पदार्थच नव्हे हा. उरलेल्या दुधात साखर घालून ते बनारसी रीतीनं त्याच कुल्हडात ओता.

बटरक्रीम मात्र ठेवता येतं. हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये आठवडाभर, बर्फाच्या कप्प्यात दोन महिने. वापरण्यापूर्वी ते बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं आणि मग पुन्हा फेटायचं. गारढोण असताना फेटलंत तर परत गुठळ्या. केक लेपून फ्रीजमध्ये ठेवला असेल तर कापण्याआधी तासभर बाहेर काढा, नाहीतर वरचं क्रीम नुसत्या लोण्याच्या वडीसारखं लागेल. एप्रिल-मे मध्ये तासाऐवजी पंधरा मिनिटं पुरतात.